जिथल्या तिथे
शिरूर-दौंडकडच्या पी.टी.च्या नव्या सर-मॅडमांसाठी गिरकीची बाराखडी

गळ्यातली शिट्टी आधी काढून टेबलावर ठेवा. गिरकी घेताना शिट्टी दोरीसकट फिरते आणि उलटी येऊन दातांवर बसते. तुम्ही स्वतः गिरकी घेणार नाही, याची मला खात्री आहे. पुढे त्यावर एक आख्खा भाग आहे. पण वर्गातला एखादा 'सर, शिट्टी मी सांभाळतो' म्हणून ती गळ्यात घालणारच, आणि सगळ्यांच्या आधी भिंतीवर चढणाराही तोच असतो.

तर पार्कुर. भिंत, कठडा, पायऱ्या, खांब, वाटेत जे येईल ते ओलांडत, लटकत, उड्या मारत पुढे जायचं. साहित्य नाही, मैदान आखणं नाही, पंच नाही. जॉर्ज हेबर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धावणं, चढणं, उड्या, तोल, पोहणं यांची मिळून एक 'नैसर्गिक पद्धत' मांडली. फ्रेंच सैन्यातल्या अडथळ्यांच्या शर्यतीमागे तीच पद्धत. पॅरिसच्या अग्निशमन दलातल्या रेमों बेलने ती अंगात मुरवली, आणि त्याचा मुलगा दाविद याने मित्रांना गोळा करून लिस नावाच्या उपनगरातल्या भिंती आणि जिने पालथे घातले. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये क्रेनवर चढून जेम्स बाँडला धाप लावणारा सेबास्तियें फुकां याच टोळक्यातला. २०१७ मध्ये ब्रिटनने पार्कुरला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२२ मध्ये टोकियोला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत कोणी विचारलंच, तर एवढा इतिहास पुरतो. बहुतेक कोणी विचारत नाही. चहा आलेला असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अस्सल पार्कुरवाल्यांचं गिरकीशी पटत नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे: इथून तिथे जायचं, कमी वेळात, कमी श्रमात. मध्येच भिंतीवर तळहात रोवून स्वतःभोवती फिरायचं आणि जिथून निघालो तिथेच उतरायचं, यात पोहोचलो कुठे? फुकांच्या बाजूची मंडळी म्हणतात, पोहोचायचं होतं कुणाला? हा वाद मिटलेला नाही. आपण गिरकीच्या बाजूने. शाळेच्या वेळापत्रकात ज्याचा काहीही उपयोग नाही अशी एकच गोष्ट शिकवायची झाली, तर ती निदान नीट शिकवावी.

स्थानिक परिस्थिती

नव्या शिक्षकाला वाटतं, आपण खेड्यात काहीतरी परदेशी आणतोय. दौंडमध्ये असं बोलू नका. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की तिचं इंजिन पुढून सुटायचं आणि मागे लागायचं, हे इथल्या तीन-चार पिढ्यांनी पाहिलंय. पुण्यात खिडकीशी पुढे तोंड करून बसलेला माणूस दौंडनंतर नगरकडे पाठ पुढे करून जायचा. आता शहराबाहेरून कॉर्ड लाइन झाल्यामुळे बऱ्याच गाड्या इंजिन न फिरवता परस्पर जातात. पण ज्या गावाने एवढी वर्षं आख्खी रेल्वे उलटी करून दिली, त्या गावाच्या पोराला अर्धं वळण म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवावं लागत नाही.

शिरूरकडे तर याहून जुना पुरावा आहे. तालुक्याच्या हद्दीवर टाकळी हाजी आणि पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज, मधून कुकडी. तिच्या पात्रातले रांजणखळगे तुम्ही पाहिले असतीलच. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे अडकले, एकाच जागी गरगरत राहिले, आणि हजारो वर्षांत त्यांनी काळा बेसॉल्ट रांजणासारखा कोरून काढला. एका जागी फिरून काय साधतं, असं विचारणाऱ्या पालकाला तिथे घेऊन जा. लांबून दाखवा. कडेवर जाऊ देऊ नका आणि तिथे सरावाचं नावही काढू नका. खळगे खोल आहेत आणि माणसं त्यांत बुडालेली आहेत. हे वाक्य थट्टेचं नाही.

परवानगी

तुम्ही पी.टी.चे सर आहात म्हणजे बहुधा भूगोलाचे आहात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक हवा. प्रत्यक्षात तास ज्याच्या वाट्याला येईल त्याचा. त्यातही परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो. म्हणून गिरकीचा उपक्रम जून-जुलैत सुरू करा, जेव्हा गणिताला अजून घाई नसते.

ठराव शाळा व्यवस्थापन समितीचा लागतो. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो, म्हणजे ज्यांची पोरं भिंतीवर चढणार त्यांचंच बहुमत. पार्कुर हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत उच्चारू नका. 'भिंतीच्या आधाराने तोल साधण्याचे व्यायाम' म्हणा.

पहिला प्रश्न ठरलेला: "सर, याला मार्कं हायेत का?"

नाहीत. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पण ते यादीतल्या खेळांना आणि ठरावीक पातळीपर्यंत खेळलं तर. दहीहंडीला २०२२ मध्ये राज्य सरकारने साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तेव्हा थरावर चढणाऱ्यांना नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाची वाट दिसली. गिरकीला अशी कुठलीच वाट नाही. खोटं बोलू नका, पण 'नाही' म्हणाल्यावर लगेच पाणी प्या आणि पुढच्या विषयाकडे वळा.

दुसरा प्रश्न: "भरतीला चालतंय का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. नगर रस्त्याला किंवा पाटस-कुरकुंभच्या बाजूला पहाटे निघा. डांबरावर पोरं पळत असतात. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, दोघांना शंभर मीटर आणि गोळा. राज्य राखीव दलाला पाच किलोमीटर. दौंडमध्ये राखीव दलाचे गट क्रमांक ५ आणि ७, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र. या तालुक्यात धावणं म्हणजे घड्याळ लावून धावणं, आणि ते घड्याळ घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतं. अशा घरात जाऊन 'तुमचा मुलगा मी एका जागी फिरवणार आहे' म्हणायला छाती लागते. पण बघा, समितीत एखादा जवान असेलच. त्याने प्रशिक्षणात भिंती ओलांडलेल्या असतात, दोरावर लोंबकळलेलं असतं. तो मिशीवर हात फिरवून म्हणेल, "अडथळ्याची शर्यत का? आम्ही केलीये." त्याला सभेत तुमच्या शेजारची खुर्ची द्या.

तिसरे गृहस्थ निवृत्त असतात आणि सभा संपता संपता बोलतात: "हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलंय." मग बाळंभट्टदादा देवधर येतात, दुसरा बाजीराव येतो, निजामाकडून आव्हान घेऊन आलेले अली आणि गुलाब हे पैलवान येतात, आणि मल्लखांबाची जन्मकथा सुरू होते. गोष्ट चांगली आहे, मल्लखांब तर अव्वलच. फक्त हेबरने देवधरांचं नाव कधी ऐकलं होतं असं दाखवायला हाताशी काही नाही. पण तुम्ही भूगोलाचे. इतिहासाच्या तासात शिरू नका. मान डोलवा. 'आपल्याकडूनच गेलंय' हे वाक्य इतिवृत्तात आलं की ठराव एकमताने मंजूर होतो, असा या भागातला रिवाज आहे.

शेवटी एखादी आई पदर सावरून विचारेल, "पोरींनाबी का?" तिला विचारा, नागपंचमीला तुम्ही काय खेळता? फुगडी. बसफुगडी. पिंगा. पायांचे चवडे जवळ, अंग मागे टाकलेलं, हात घट्ट, आणि दोघींचं वजन एकमेकींवर तोललेलं. एकीने हात सोडला तर दुसरी अंगणाबाहेर. एवढी गती शाळेतला कुठलाही मुलगा पहिल्या महिन्यात गाठत नाही. पोषण आहाराची खिचडी करणाऱ्या मावशींना तासाला बोलवा. गिरकीच्या मानधनाचं शीर्षक शासनाकडे नाही, म्हणून आभाराचा नारळ द्या.

जागा आणि भिंत

भिंत कमरेएवढी हवी, मुलाच्या कमरेएवढी, तुमच्या नव्हे. माथा रुंद, सपाट, कोरडा. आधी खांद्याने रेटून बघा. वरचा दगड हलला तर ती भिंत सोडा आणि मुख्याध्यापकांना कळवा. ते पुढे कळवतील. भिंत आहे तशीच राहील, पण निदान तुमच्या नावाचं पत्र आवकजावकला असेल. कुंपणाच्या भिंतीवर काचांचे तुकडे रोवलेले असतात, तिच्याकडे बघूही नका. जुन्या वाड्याची मातीची भिंत मुलांना फार मोह घालते. पाऊस पडून गेला की ती आतून भिजलेली असते आणि बाहेरून काही सांगत नाही.

गावातली सर्वांत उत्तम जागा म्हणजे पिंपळाचा पार. उंची बेताची, कडा दगडी, गोल असल्यामुळे चारही बाजूंनी रांगा लावता येतात. अडचण एवढीच की पारावर माणसं असतात. पार्कुरच्या पुस्तकांत अडथळे ओलांडण्याच्या पुष्कळ युक्त्या दिल्यात, पण पारावर बसलेले तात्या ओलांडण्याची एकही नाही. सकाळी ऊन तोंडावर येतं म्हणून ते दहाच्या सुमारास पूर्वेची बाजू सोडून पश्चिमेला सरकतात. तुमचा तास तेव्हाचा घ्या आणि पूर्वेची कड वापरा. आठ दिवसांनी तेच सूचना देऊ लागतील: "गुडघं पोटाशी घे की रं!" सूचना बरोबर असते.

खाली मऊ काहीतरी हवं. कुस्तीचा हौदा जवळ असेल तर वस्तादांना विचारून बघा, पण आशा ठेवू नका. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत बूट घातलेली चाळीस पोरं उतरवायला कुठलाही वस्ताद हो म्हणणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पोत्यांत उसाचं पाचट भरून तोंड शिवलं की चांगली गादी होते. पाचट भरताना काठीने झोडपून घ्या, त्यात विंचू-साप असू शकतो. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असलेला एखादा पालक खोक्यांत माल भरताना वापरतात तो फोम आणून देईल. तो चालतो, फक्त त्याची पावती मागू नका.

वेळेबद्दल एकच गोष्ट, आणि ती सरळ सांगतो. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. संध्याकाळी शाळा सुटल्यावर सराव ठेवू नका. दिवसाउजेडी, मोकळ्या मैदानात, सगळे एकत्र, आणि घरी जातानाही घोळक्याने. यात कसलीही सवलत नाही.

मागे फिर

गिरकीचा पहिला धडा तुमच्या शाळेत आधीच शिकवून झालेला आहे. 'मागे फिर' म्हटलं की मुलं अर्धं वळतात. दोनदा म्हटलं की पूर्ण. फक्त ते सगळं जमिनीला चिकटून, टाच घासत, हात मांडीला लावून. पंधरा ऑगस्टच्या कवायतीत हेच वर्षानुवर्षं चालू आहे, आणि दर वर्षी चौथ्या रांगेतला एक जण उलटा वळून मागच्याच्या तोंडाकडे तोंड करतो.

आता तीच आज्ञा उडी मारून पाळायला सांगा. जागेवर उडी, हवेत अर्धं वळण, खाली चवड्यांवर, गुडघे वाकवून. टाच आधी टेकली तर धप्प असा आवाज येतो. डोळे मिटून ऐका. वर्गातल्या कोणाचे गुडघे पन्नाशीला दुखणार हे आवाजावरून कळतं. आवाज बंद होईपर्यंत पुढे जाऊ नका. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून बहुतेक जण ती गाळतात.

अंग मोकळं करायला पूर्वी कोंबडा होता. घोटे, गुडघे, कंबर असं सगळं त्यात सुटं व्हायचं; पण तो शिक्षा म्हणून द्यायचे, आणि शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा बंद केली ते योग्यच झालं. हौसेने करणाऱ्याला करू द्या, मात्र बाहेरून जाणारा केंद्रप्रमुख गाडी थांबवेल याची तयारी ठेवा. त्याऐवजी बेडूकउड्या घ्या. मनगटं मात्र विसरू नका. गिरकीत मोडतं ते मनगट. मूठ वळून गोल फिरवणं, तळहात जमिनीवर टेकून बोटं आपल्याकडे करून हळूच मागे रेलणं, अशी पाच मिनिटं रोज. आणि पडताना हात सरळ ताठ टेकायचा नाही, कोपर सैल ठेवून अंग लोळू द्यायचं, हे भिंतीआधी जमिनीवरच शिकवा.

दुसरी पायरी खो-खोचा खांब. या खेळाचे पहिले लिखित नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये केले, आणि आपल्याकडच्या शाळेत दुसरं काही नसलं तरी दोन खांब असतात. सव्वा मीटरच्या आत-बाहेरची उंची. पाठलाग करणारी मुलगी एका हाताने खांब धरून पूर्ण वेगात अंग बाहेर फेकते आणि दिशा बदलते, तेव्हा गिरकीतला अर्धा अभ्यास होऊन जातो: सगळा भार एका हातावर, बाकीचं शरीर त्याच्याभोवती. खो-खो खेळणाऱ्या मुली पुढच्या पायरीला आधी पाठवा. मुलांना राग येईल. येऊ द्या.

प्रत्यक्ष गिरकी

हिला तिकडे पाम स्पिन म्हणतात. मुलं बहुतेक भिंगरी म्हणतील.

भिंतीकडे तोंड. एक तळहात माथ्यावर सपाट, बोटं आपल्याकडे वळवलेली. दुसरा शेजारी, बोटं पुढे. दोन्ही पायांनी उडी. गुडघे पोटाशी. कंबर भिंतीच्या वर आली की सगळा भार त्या पहिल्या तळहातावर जातो, दुसरा हात सुटतो, आणि लाटण्याखाली पोळी फिरावी तसं अंग आपसूक फिरतं. दुसरा हात वळसा संपताना परत टेकतो, पाय खाली येतात, आणि मुलगा जिथून निघाला तिथेच, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. एवढी धडपड करून जागच्या जागी परत, हे ज्यांना विचित्र वाटतं त्यांनी वेतननिश्चितीची फाईल आठवावी.

पहिल्या दिवशी कोणी फिरत नाही. मुलं भिंतीवर पोटावर पडतात आणि हसतात. त्यांना तसंच पडू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उडी, भार आणि परत, एवढंच घ्या, फिरणं नकोच. मग पाव वळण, पाय भिंतीवर. मग अर्धं. गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय वळसा पुरा होत नाही, कारण पसरलेलं अंग हळू फिरतं आणि गोळा झालेलं जोरात. विज्ञानाच्या मॅडम शेजारच्या वर्गातून खिडकीतून बघत असतील, त्यांना हाच धडा त्यांच्या तासाला घ्यायला सांगा: फिरत्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांत वह्यांचे गठ्ठे धरायचे, हात पसरायचे, जवळ घ्यायचे. मुख्याध्यापकांची खुर्ची फिरती असते. ती मागून आणण्याचं काम विज्ञान विभागाचं.

मोबाइल पहिले दोन महिने बंद. रील काढण्याच्या नादात मुलं ज्या क्षणी खाली बघायचं त्या क्षणी कॅमेऱ्याकडे बघतात. शिवाय एकदा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला की दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेर दहा मोटारसायकली उभ्या राहतात आणि त्यांच्यावरून उतरलेल्या दादालोकांना थेट छपरावरून सुरुवात करायची असते.

सरांनी करून दाखवू नये

हा भाग दोनदा वाचा.

तुमच्या मनात येईल की एकदा, फक्त एकदा, मुलांसमोर. पॅन्टला पट्टा असतो, खिशात चाव्या, खडू आणि फोन असतो, आणि पोटाशी गुडघे घ्यायचे म्हटलं तर मध्ये पोट असतं. कॉलेजात असताना तुम्ही मल्लखांबावर काय काय करायचा हे तुम्हाला आठवतं. तुमच्या मनगटाला आठवत नाही. मुलं 'सर, सर' करून टाळ्या वाजवायला लागली की शांतपणे सांगा, "मी केलं तर तुम्ही माझी नक्कल कराल. मला तुमची स्वतःची गिरकी बघायची आहे." हे वाक्य अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे आणि हाड मोडण्यापासून वाचवतं.

मग करून दाखवायचं कोणी? जो सातवीत मागच्या बाकावर बसतो, ज्याला पाढे येत नाहीत आणि जो विहिरीत पंधरा हातांवरून सूर मारतो, त्याने. त्याला बोलवा. तो भिंतीजवळ येईल, दोन्ही हात घासेल आणि सूचना न ऐकता पूर्ण फिरून उतरेल. त्याला 'कसं केलंस ते सांग' म्हणू नका. त्याला सांगता आलं असतं तर तो मागच्या बाकावर बसला नसता, असं आपण वर्षभर स्टाफरूममध्ये म्हणतो. निदान या तासाला ते त्याच्या तोंडावर सिद्ध करायला जाऊ नका.

चक्कर

खिचडीनंतर तासभर गिरकी नाही. का, ते एकदा विसरलात तर मैदान धुताना आठवेल.

चक्कर येते ती कानामुळे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव. आपण फिरतो तेव्हा द्रव फिरायला लागतो, आपण थांबतो तेव्हा तो लगेच थांबत नाही. डोळे सांगतात थांबलो, कान सांगतो अजून फिरतोय, आणि दोघांच्या भांडणात मुलगा बसतो खाली. कथक करणाऱ्या मुली यावर उपाय जाणतात: अंग फिरू दे, डोळे एका ठिकाणी शेवटपर्यंत ठेवायचे, मग मान झटकन वळवून पुन्हा तिथेच. तुमच्याकडे मैदानात ध्वजस्तंभ आहे. तोच धरायचा. मुलांना सांगा, झेंड्याच्या खांबाकडे नजर. एरवी कवायतीतही हेच सांगता, तेव्हा कुणाला वेगळं काही वाटणार नाही.

आणि दोन्ही बाजूंनी. उजवीकडून जमलं की डावीकडून. बहुतेकांची एक बाजू कायमची कच्ची राहते, कारण जमलेल्या बाजूनेच टाळ्या मिळतात. नोंदवहीत दोन रकाने करा.

कोणी पडला आणि मनगट सुजलं तर हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका, तो कितीही नावाजलेला असो. हाताला पट्टी बांधून, न हलवता, सरकारी दवाखान्यात, आणि एक्स-रे. घरी फोन तुम्ही करा. तुमच्या आधी मुलाच्या मित्रांकडून बातमी गेली तर ती वाटेत दोन हात मोडून पोहोचते.

मूल्यमापन

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंद करावी लागते. बाजारात नोंदींच्या तयार पुस्तिका मिळतात: 'खेळात आवडीने सहभागी होतो', 'नियमांचे पालन करतो', 'सांघिक भावना दिसून येते'. गिरकी घेणारा एकटाच असतो, म्हणून तिसरी गैरलागू. नियम अजून कोणी केले नाहीत, म्हणून दुसरीही. पहिली सगळ्यांना लावा. 'उपक्रमाची निष्पत्ती' असा रकाना आला तर 'विद्यार्थी मूळ जागी परत आले' लिहा. तपासणीला येणारे विस्तार अधिकारी ती ओळ वाचून समाधानाने पुढे जातील. त्यांना ती उपस्थितीबद्दल वाटेल.

एक नोंद मात्र मनापासून करा. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचं गाळप सुरू होतं, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शाळेच्या पलीकडच्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि वर्गात बीड-पाथर्डीकडची चार-सहा नवी मुलं बसतात. काही येतात, काही धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीतच राहतात. त्यांना आणायला तुम्हालाच जावं लागतं. त्यांतली एखादी पोर भरलेल्या ट्रॉलीवर दोर धरून चढलेली असते, उतरलेली असते, आणि तिला भिंत ही फार सोपी वस्तू वाटते. तुमच्या वर्गाला ज्याला दोन महिने लागले ते ती आठवड्यात करते. मग मार्च येतो, गाळप संपतं, आणि एका सकाळी रानात नुसती चुलीची काळी जागा असते.

अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, म्हणजे गावी परत गेल्यावर तिथल्या शाळेला कळावं. गणित कुठवर, मराठी कुठवर, हे तुम्ही भरालच. कार्डावर कुठेतरी कोपरा मोकळा असेल तर तिथे बारीक अक्षरात लिहा: 'गिरकी: उजवीकडून येते. डावीकडून बाकी.' खाली शाळेचा शिक्का मारा, नाहीतर तिकडचे सर ती ओळ धरणार नाहीत. शिक्का मुख्याध्यापकांच्या खणात असतो आणि खणाची किल्ली ते सुट्टीला जाताना घेऊन जातात, म्हणून हे काम फेब्रुवारीतच उरका.